धर्मांतराचा वाद आणि मुक्कामाचा प्रश्न

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत काही विषय असे आहेत की, त्यांवर मतभेद म्हणून होतच नाहीत. मिशनरी हा त्यांपैकी एक. गणेशोत्सवाच्या मांडवात असो वा कोजागिरीच्या दुधाभोवती असो, विषय निघाला की निकाल पाच मिनिटांत लागतो: पाद्र्यांनी भुकेल्यांना तांदूळ दाखविला आणि गावेच्या गावे बाटविली. एवढे बोलून मंडळी बदल्या आणि भत्ते यांकडे वळतात. हा निकाल अर्ध्या पुराव्यावर दिलेला आहे. आणि त्याने सर्वाधिक अन्याय होतो तो पाद्र्यांवर नव्हे, त्या गावांवर होतो, असे आम्हांस स्पष्ट म्हणावयाचे आहे.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीतले कारकून. धर्मशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. म्हणून जेथे आपल्यापैकी कित्येकांच्या बदल्या होतात, त्या रांचीच्या आसपासचेच उदाहरण घेऊ.

गोस्नर मिशनचे जर्मन पाद्री 1845 साली रांचीस आले. पुढे 1885 साली कॉन्स्टंट लीव्हन्स हे बेल्जियन जेझुइट तोरपा येथे येऊन राहिले. त्या काळी मुंडा आणि उराँव रयतेचे दुःख एकच होते. ज्यांच्या पूर्वजांनी जंगल तोडून शेत केले, त्यांच्याकडूनच जमीनदार आणि ठिकेदार वाढता सारा मागत, बेठबेगारी करवून घेत, आणि दाद मागावयास जावे तो न्यायकचेरीची भाषा त्यांना परकी. लीव्हन्स यांनी त्यांची भाषा शिकली, रूढी समजून घेतल्या, कायदा अभ्यासला, आणि खेड्याखेड्यांतली गाऱ्हाणी ऐकून ती न्यायालयापर्यंत नेली. सात वर्षांत क्षयाने त्यांचे शरीर खचले. 1892 साली ते मायदेशी परतले आणि दुसऱ्याच वर्षी वारले. या सात वर्षांत सहस्रावधी लोकांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे आमचे मित्र म्हणतील, "झाले तर! हेच ते आमिष." या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्ही लपवीत नाही. खटल्यात साहाय्य करणारा हात आणि बाप्तिस्मा देणारा हात एकच असला, की घेणाऱ्याच्या मनाचे स्वातंत्र्य आकुंचित होते. मदतीस अट चिकटली की ती मदत राहत नाही, व्यवहार होतो. मध्य प्रदेश सरकारने 1954 साली नेमलेल्या नियोगी समितीने हाच प्रश्न 1956 च्या आपल्या अहवालात विचारला होता, आणि तो विचारलाच पाहिजे होता. झारखंडातही 2017 साली आमिषाने होणाऱ्या धर्मांतरास मनाई करणारा कायदा झाला.

परंतु यावरून 'बिचारे भोळे लोक, पसाभर तांदळाला विकले गेले' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र इतिहासास धरून नाही. जमिनीसाठी झगडणाऱ्या मुंडा सरदारांनी जर्मन मिशनचा आश्रय घेतला होता. जमिनीच्या लढ्यात मिशन आपल्याबरोबर येत नाही असे दिसताच त्यांनी त्याच्याशी संबंध तोडला. बिरसा मुंडा चाईबासाच्या मिशनशाळेत शिकला आणि पुढे मिशन सोडून बाहेर पडला. पाद्री आणि अंमलदार हे दोन्ही साहेब एकाच टोपीचे, ही त्याच्या अनुयायांची धारणा होती. 1899 च्या नाताळात त्यांनी सरवदाच्या मिशनवर बाण सोडले. उपकारकर्त्याची अशी कठोर परीक्षा घेणाऱ्या समाजास भोळे म्हणणे हा त्याचा अपमान आहे. आणि हा अपमान करणारे बहुधा त्यांच्या गावात एक रात्रही राहिलेले नसतात.

आता त्याच सरवद्याची पुढची हकीगत पाहा. तेथे योहान हॉफमन नावाचे जर्मन जेझुइट राहत होते. बाण सुटले म्हणून त्यांनी मुंडा मुलुख सोडला नाही. मुंडांची वहिवाट त्यांनी बारकाईने टिपली आणि लिस्टर या सेटलमेंट अधिकाऱ्याच्या सहकार्याने मुंडा मुलुखाच्या जमीनपद्धतीवर एक टिपण सिद्ध केले. 1908 च्या छोटानागपूर कुळकायद्यामागचा रेटा बिरसाच्या बंडाचा होता. पण मुंडांच्या खुंटकट्टी हक्काचे नेमके स्वरूप सरकारास समजले ते अशा टिपणांतून. पेरणीस महाजनाकडून धान्य उचलावयाचे आणि सुगीला वाढीसकट फेडावयाचे, हे चक्र थांबावे म्हणून त्यांनी 1909 साली सहकारी पतसंस्था काढली. मुंडारीचा ज्ञानकोश त्यांनी आरंभिला. महायुद्धामुळे 1915 साली त्यांना जर्मनीस परतावे लागले, तरी ते काम त्यांनी सोडले नाही.

या दोन उदाहरणांतला भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. पतसंस्था कॅथलिकांपुरती होती. कुळकायदा मात्र साऱ्यांचा झाला. त्याचे संरक्षण मिळण्यास बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही. 2016 साली या कायद्यात बदल करणारे विधेयक विधानसभेत संमत झाले, तेव्हा सरना मानणारे आणि ख्रिस्ती असे दोघेही रस्त्यावर उतरले, आणि 2017 साली राज्यपालांनी ते विधेयक परत पाठविले. बिनअटी मदत ती हीच. मिशनऱ्यांचे काम याच कसोटीवर तपासावे, आणि आपलेही.

'आपलेही' म्हणताच उत्तर तयार असते: "आम्ही पडलो नोकरमाणसे, आज येथे, तीन वर्षांनी आणखी कोठे." मग लिस्टर कोण होते? सरकारचे नोकरच ना? "पाद्र्यांच्या पाठीशी परदेशचा पैसा असतो," हेही नेहमीचेच. शरच्चंद्र रॉय हे बंगाली गृहस्थ रांचीस वकिली करून पोट भरीत. त्यांच्या मागे ना चर्च, ना परदेशचा पैसा. तरी मुंडांच्या कज्ज्यांतून त्यांना त्या समाजाची ओळख पटली, 1912 साली त्यांनी मुंडांवर ग्रंथ लिहिला आणि 1921 साली मानवशास्त्राचे नियतकालिक चालू केले. आणि बाप्तिस्म्यावाचून कोणी जंगलात राहत नाही असे ज्यांस वाटते, त्यांनी हेमलकशाकडे पाहावे; तेथे 1973 पासून राहिलेल्या आमटे कुटुंबाने माडियांमध्ये दवाखाना आणि शाळा चालविली आहे.

तेव्हा ज्यास मिशनरी नको असेल, त्याने त्याच्या जागी कोण जाणार ते आधी सांगावे. आमिषास कायद्याने बंदी घालता येते. पण तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी कायदा बसत नाही, आणि वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा अर्जही तो भरून देत नाही. ते काम माणसालाच करावे लागते.

आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक गावच्या महाराष्ट्र मंडळाने नाट्यप्रयोगांबरोबरच त्या जिल्ह्याच्या बोलीचा एक वर्ग चालवावा; रांचीस असाल तर नागपुरी शिका, खुंटीस असाल तर मुंडारी. महिन्यातला एक रविवार जवळच्या एका खेड्यास द्यावा. अर्ज, दाखले, उतारे, नियम ही आपली रोजची विद्या आहे. कचेरीत जिच्यापायी आपण कंटाळतो, तीच खेड्यातल्या माणसास दुर्मीळ असते. बदली झाली तर नव्या माणसास गावाची ओळख करून देऊनच निघावे, म्हणजे मुक्काम माणसाचा न राहता मंडळाचा होईल. हे वर्षभर करून पाहावे, आणि मग पुढच्या कोजागिरीस मिशनऱ्यांविषयी खुशाल वाद घालावा. त्या वादात त्या गावचीही चार माणसे बसलेली असावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.