शेवट गोड झाला, पण मुलीचं काय ठरलं?

प्रेमाच्या हलक्याफुलक्या सिनेमांचे शेवट बघून मला हल्ली राग येतो. सिनेमा मला मनापासून आवडतो, म्हणून जास्तच येतो. तेलंगणातल्या आदिलाबादेत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे आणि नवरीचे ब्लाऊज हीच माझी मुख्य कमाई. लग्नाआधी माप द्यायला आलेली मुलगी मी बघते आणि नागपंचमीला किंवा बतुकम्माच्या सणाला माहेरी आली की तीच मुलगी ब्लाऊज सैल नाहीतर घट्ट करून घ्यायला पुन्हा येते. मधल्या काळात तिच्या आयुष्यात जे घडलेलं असतं, ते सिनेमात कधी दिसत नाही. तिथे वडील ‘हो’ म्हणतात, सगळे डोळे पुसतात आणि दिवे लागतात.

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ १९९५ साली आला. त्याचा शेवट आपल्याकडे सगळ्यात गोड मानला जातो. मला त्यात सिमरनच्या आईचा प्रसंग मोठा वाटतो. ती दागिने आणून सिमरन आणि राजपुढे ठेवते आणि पळून जा म्हणते. स्वतःच्या आयुष्यात तिला जे मिळालं नाही, ते ती मुलीला देऊ पाहते. राज नकार देतो, कारण त्याला बापाची परवानगी हवी. शेवटी स्टेशनवर बापाची मूठ सुटते तेव्हाच मुलगी धावते. आईची इच्छा तशीच मागे राहते. सिमरन पुढे काय करणार, कुठे राहणार, हे कुणी विचारत नाही. तीही विचारत नाही.

आपल्या मराठीतही हेच. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मला पाठ आहे. आजही लागला तरी हातातलं काम बाजूला ठेवून बघते. पण माधुरीकडे नीट बघा. तिच्याच दुकानात धनंजय माने नोकरी करतो आणि तिलाच फसवतो. पार्वती म्हणजे बाईच्या वेशातला पुरुष, पण ती त्याची बायको आहे, हे माधुरी खरं मानून चालते. खोटं उघडं पडतं, चारही जोड्या जुळतात आणि माधुरीच्या मनात काय चाललंय, यावर सिनेमा थांबत नाही. घरमालकीण लीलाबाईंनी ज्यांना लेकीसुनांसारखं घरात घेतलं, त्यांच्या विश्वासाचंही तसंच. हसताहसता माफी मिळून जाते.

तेलुगू-हिंदी सिनेमांत याहून वाईट एक चाल आहे. मुलगी नाही म्हणते, मुलगा कॉलेजपर्यंत मागे मागे जातो, तिच्या बसच्या पुढे गाडी घालतो आणि शेवटी तिचं ‘हो’ त्याला बक्षीस म्हणून मिळतं. तेलंगणात २०१४ पासून पोलिसांची शी टीम अशाच प्रकारांविरुद्ध काम करते. मुलींना तक्रार करा म्हणून सांगायचं आणि त्याच वागण्याला पडद्यावर हार घालायचा, हे मला मान्य नाही.

मागच्या वर्षीची एक नवरी सांगते. नाव सांगणार नाही. मीसेवा या सरकारी सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर बसायची, पगार स्वतःच्या खात्यात. मुलगा पैनगंगेपलीकडचा, यवतमाळ जिल्ह्यातला. प्रेम जुळलं, दोन्ही घरांत विरोध झाला, मग वडील विरघळले. मग्गम वर्कच्या भरतकामाचा ब्लाऊज घालून बघताना ती आरशासमोर म्हणाली, ‘काकू, अगदी सिनेमासारखं झालं.’ हॉल, जेवण, बस्ता, मानपान, सोनं, सगळ्यावर बैठका झाल्या. तिच्या नोकरीवर एकही झाली नाही. प्रेमविवाह आहे, पुढचं आपोआप होईल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

बतुकम्माला ती आली तेव्हा ब्लाऊज घट्ट करायचा होता. बाजूला मी भरपूर माया ठेवते, म्हणून बायका परत येतात. माझ्या हातात दुसरं काम होतं, तर तिने स्वतःच ब्लेड घेतलं आणि अस्तराचा एकेक टाका सावकाश उसवत बसली. दोन्ही बगलांतून दीड-दीड इंच आत घ्यावा लागला. नवरा चांगला आहे म्हणाली आणि मला ते खरं वाटलं. पण तिकडे नोकरी नाही, आणि घरातलं आवरून सासूच्या दुपारच्या चहाच्या आत शहरात जाऊन येणं जमत नाही. उठताना तिने विचारलं, ‘काकू, तुरपाई, काजबटण असं काही घरी नेण्यासारखं काम द्याल का?’

लग्नानंतर मुलीच्या नोकरीचं काय, हा प्रश्न आमच्या तेलंगणा-महाराष्ट्र सरहद्दीवर आणखी टोकदार होतो. तेलंगणात स्थानिक उमेदवार म्हणून नोकरभरतीला बसणारी मुलगी नदी ओलांडली की बाहेरची ठरते. लंबाडा समाज इथे अनुसूचित जमातीत, तर महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत. आमच्याकडची लंबाडा मुलगी पलीकडे सून म्हणून गेली तर तिचा इथला दाखला तिकडे तसाच चालत नाही. तिने काय सोडलं, याचा हिशेब लग्नाच्या बोलाचालीत कुणी मांडत नाही, मग सिनेमावाले कुठून मांडणार?

पण काहींनी मांडलाय, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतलाय. ‘बोम्मरिल्लू’ (२००६) या तेलुगू सिनेमात हसिनी लग्नाआधी मुलाच्या घरात राहून बघते आणि मला इथे जमणार नाही, असं सांगून स्वतःच्या घरी परत जाते. तिचं प्रेम आटलेलं नसतं. त्या घरात तिला मनासारखं हसता-बोलता येत नाही, एवढंच. त्या घरातला बाप बदलतो, मगच गोष्ट पुढे सरकते. शेखर कम्मुलांचा ‘फिदा’ (२०१७) तर आमच्या बाजूचाच, बान्सवाड्याचा. भानुमतीला वडिलांना आणि गावाला सोडायचं नाही. अमेरिकेतला डॉक्टर मुलगा शेवटी तिच्या गावी राहायला येतो. साई पल्लवीचा तो पहिला तेलुगू सिनेमा, आणि तुफान चालला. मुलाने घर सोडलं म्हणून प्रेक्षक उठून गेले नाहीत.

मराठीत ‘मुंबई-पुणे-मुंबई’ची मालिका २०१०, २०१५ आणि २०१८ अशी तीन भागांत आली. तिसऱ्या भागात जोडप्याने न ठरवलेलं गरोदरपण येतं आणि सगळा सिनेमा त्यावर उभा राहतो. लग्नानंतरही सांगण्यासारखी गोष्ट असते आणि ती हसतखेळत सांगता येते, हे त्यातून दिसलं. ‘सैराट’चा शेवट सगळ्यांना माहीत आहे, त्यावर खूप लिहून झालंय. मला त्याचा मधला भाग हवा आहे. आर्ची आणि परशा हैदराबादला येतात, पत्र्याच्या खोलीत राहतात, आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, हळूहळू तेलुगू शिकते. दोघांची भांडणं होतात, संशय येतो, ती रुसून निघते, परत येते. पाटलाची लेक संडासच्या वासाने कासावीस होते, तेही दिसतं. इतर सिनेमे जिथे थांबतात, तिथून पुढे नागराज मंजुळे गेले.

सिनेमा मनोरंजनासाठी असतो, हे मला मान्य आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुली तीन-चार तास शिवणावर थांबतात तेव्हा मोबाइलवर हेच बघतात, खुदकन हसतात, मलाही दाखवतात. त्यांचं ते हसू मला हवंच आहे. पण त्याच मुली लग्न ठरवताना सिनेमातल्यासारख्याच गप्प राहतात. प्रेम असेल तर मागणी करायची नाही, असं त्या कुठेतरी शिकल्या आहेत.

मला आमच्याकडच्या बेल्याची एक मुलगी आणि नदीपलीकडच्या पांढरकवड्याचा एक मुलगा यांचा सिनेमा हवा आहे. दोघांनी राष्ट्रीय महामार्गावरच्या ढाब्यावर बसून ठरवावं की नदीच्या कुठल्या काठाला राहायचं, रोज बसने ये-जा कुणी करायची, तिची नोकरी कशी टिकवायची आणि स्वयंपाक कुणी शिकायचा. त्यावर दोन्हीकडच्या आयांची भांडणं व्हावीत, मराठी-तेलुगूची गल्लत व्हावी, मामाने मध्ये पडून घोळ घालावा. विनोदाला याहून चांगली जागा कुठली? पण मांडव पडण्याआधी मुलीने आपल्या अटी मोठ्याने सांगाव्यात आणि मुलाने त्या ऐकून मान्य कराव्यात. असा सिनेमा आला तर दुकानाला कुलूप लावून, मापाला आलेल्या मुलींना सोबत घेऊन मी पहिल्या खेळाला जाईन.