खड्डे कोणाच्या प्लॉटवर?



पाऊस भरवशाचा राहिला नाही, हे आम्हाला कोणी शहरातून येऊन सांगायला नको. नागलीचं रोप आवणीला आलं की आभाळ कोरडं, आणि पीक कापून खाली पडलं की धो-धो. आता साहेब लोक म्हणतात, हवामान बदललंय, जंगल परत उभं करू, त्यात तुमचंच भलं आहे.

जंगल उभं राहिलंच पाहिजे, यात वाद नाही. पण खड्डे खणतात कुठं? आमच्या प्लॉटवर, ज्यांचे दावे अजून कपाटात पडलेत! खाणीसाठी, धरणासाठी एकीकडचं जंगल तोडायचं आणि भरपाईची रोपं दुसरीकडे लावायची, त्या पैशाचा कायदा २०१६ साली झाला. त्यात ग्रामसभेची संमती सक्तीची नाही. आणि लावतात काय? नुसता साग. त्याच्या पाल्याला गुरं तोंड लावत नाहीत, खाली गवत धरत नाही, माती ओहोळात जाते.

भात बुडालं त्या वर्षी घर कशावर चालतं? मोहाच्या फुलांवर, कंदांवर, रानभाजीवर, डिंकावर. एक गेलं तर दुसरं हाताशी असतं. असं जंगल रोपवाटिकेतून येत नाही. तोडलेल्या खोडाची मुळं जमिनीत जिवंत असतात. काही वर्षं कुऱ्हाड आणि वणवा लांब ठेवला की फुटवे डोक्यावर जातात. खर्च कमी, म्हणून ठेकेदाराला त्यात रस नाही! पण राखण कोण करील? ज्याला उद्या हाकलणार, तो रात्री वणवा विझवायला धावेल का?

गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूरच्या पाचगावनं हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटतात, आगी लावतात. मिळता पैसा सोडला, बांबूवर भागवलं. हा शहाणपणा कोणत्या प्रकल्पात लिहिलेला नव्हता, हक्क हातात आला म्हणून सुचला.

२००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला देतं. कलम ४(५) सांगतं, दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोणाला हटवता येत नाही. म्हणून प्रत्येक पाड्यानं या महिन्यातच ठराव घ्यावा: दावे निकाली निघेपर्यंत प्लॉटवर एकही खड्डा नाही, आणि सामूहिक जंगलात काय राखायचं ते ग्रामसभा ठरवील. ठरावावर बायांच्याही सह्या-अंगठे हवेत. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या, ती जपून ठेवा.