डब्यातील गोळी आणि ताटातील जेवण

पाळी दोन-दोन महिने चुकते, वजन वाढते, चेहऱ्यावर केस येतात. मुलगी लाजते, आई म्हणते, "लग्न झाले की सारे ठीक होईल." मग गुपचूप महागड्या गोळ्यांचा डबा घरी येतो. हे थांबविले पाहिजे.

या विकाराचे नाव पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. पाळीच्या वयातील १०० पैकी सुमारे १० ते १३ स्त्रियांना तो असतो, असा अंदाज आहे. यात बहुधा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून पुढे मधुमेहाची भीती. आणि आपल्या बेटावर मधुमेह कोणाच्या नात्यात नाही?

इनोसिटॉलने साखरेची मापे थोडी सुधारू शकतात. पण वजन व केस यांवर लाभ मर्यादितच, असे २०२३ चे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. 'ड' जीवनसत्त्व रक्तात कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. कोणतीही गोळी जेवणाची व चालण्याची जागा घेत नाही.

भगिनींनो, आधी सरकारी आरोग्य केंद्रात जा. तेथे पैसे पडत नाहीत. रक्तातील साखर तपासून घ्या. ताटात भात थोडा कमी करा, डाळ आणि ब्रेदची भाजी वाढवा. मातांनो, मुलीला लाज नको, साथ द्या.