विश्लेषण : ‘रेझोनन्स’ने पाण्यातून स्वस्तात हायड्रोजन मिळतो का?

पाण्याच्या बाटलीत स्टीलच्या नळ्या, त्यांना जोडलेले एक छोटे सर्किट आणि भराभर वर येणारे बुडबुडे. ‘योग्य फ्रिक्वेन्सी सापडली की पाणी आपोआप फुटते, अगदी थोड्या विजेत भरपूर हायड्रोजन मिळतो,’ असे सांगणारे व्हिडीओ समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी फिरतात. त्याखाली ‘पेट्रोल कंपन्यांनी हे दाबून ठेवले’ अशी प्रतिक्रिया हमखास असते. दुसरीकडे प्रयोगशाळांमध्ये कंपनांच्या मदतीने हायड्रोजन मिळवण्याचे खरे संशोधनही सुरू आहे. यातले खरे किती आणि फसवे किती?

नेमका दावा काय आहे?

झोक्याला योग्य वेळी हलकासा धक्का देत राहिले की झोका उंच जातो. यालाच अनुनाद किंवा रेझोनन्स म्हणतात. विशिष्ट सुराने काचेचा पेला फुटतो, तसाच विशिष्ट फ्रिक्वेन्सीच्या विजेने पाण्याचा रेणू फुटेल, असा हा दावा आहे. ऐकायला तो पटण्यासारखा वाटतो, कारण अनुनाद ही खरी गोष्ट आहे. रेडिओवर स्टेशन लावताना आपण तोच वापरतो.

मग पाण्याचा रेणू का फुटत नाही?

पाण्याच्या रेणूतील हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध खरोखरच कंप पावतो. पण त्याचा वेग सेकंदाला सुमारे एक लाख अब्ज कंपने इतका आहे. तो इन्फ्रारेड प्रकाशाच्या पट्ट्यात मोडतो. घरगुती सर्किट सेकंदाला काही हजार कंपने देतात. म्हणजे झोका एका गावात आणि धक्का देणारा दुसऱ्या गावात, अशी गत. समजा फ्रिक्वेन्सी जुळली, तरी द्रवरूप पाण्यात एका रेणूला मिळालेली ऊर्जा क्षणार्धात शेजारच्या रेणूंमध्ये वाटली जाते. उन्हातला इन्फ्रारेड प्रकाश रोज पाण्यावर पडतो. त्याने पाणी तापते, फुटत नाही.

सर्किटमधला अनुनाद मात्र खरा असतो. कॉइल आणि कपॅसिटर जुळले की व्होल्टेज कित्येक पटींनी वाढलेले मीटरवर दिसते. पण व्होल्टेज म्हणजे ऊर्जा नव्हे. तीच ऊर्जा कॉइल आणि कपॅसिटर यांच्यात मागे-पुढे होत असते, नवी तयार होत नाही. मीटरवरचा मोठा आकडा पाहून अनेक प्रामाणिक हौशी प्रयोगकर्तेही इथेच फसतात.

कमीत कमी किती वीज लागतेच?

इमारतीच्या गच्चीवरील टाकीत पाणी चढवायचे असेल, तर पंप कुठल्याही कंपनीचा असो, ठरावीक काम करावेच लागते. चांगला पंप वीज कमी वाया घालवतो, पण इमारतीची उंची कमी करत नाही. आणि टाकीतून खाली पडणाऱ्या पाण्यावर तोच पंप चालवता येत नाही.

पाणी फोडण्याचेही तसेच आहे. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे ९ लिटर पाणी आणि किमान ३९.४ युनिट ऊर्जा लागते. तो हायड्रोजन जाळला की पुन्हा पाणी होते आणि जास्तीत जास्त तितकीच ऊर्जा परत मिळते. आजची औद्योगिक यंत्रे, म्हणजे इलेक्ट्रोलायझर, एका किलोसाठी साधारण ५० ते ५५ युनिट घेतात. म्हणजे सुधारणेला वाव आहे, पण तो १० ते १५ युनिटांचा. ‘दहापट कमी विजेत’ हायड्रोजन देणारे यंत्र या हिशेबात बसूच शकत नाही.

स्टॅनली मेयर यांचे प्रकरण काय होते?

या दाव्यांचे मूळ बहुतेक वेळा अमेरिकेतील ओहायो राज्याचे स्टॅनली मेयर यांच्यापाशी सापडते. आपली बग्गी अवघ्या ८३ लिटर पाण्यावर लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाईल, असे ते सांगत. त्यांना पेटंटही मिळाली होती. पण पेटंट म्हणजे यंत्र चालते याचे प्रमाणपत्र नव्हे. पैसे गुंतवलेल्या दोघांनी त्यांना न्यायालयात खेचले. तज्ज्ञांनी यंत्र तपासले तेव्हा त्यात नेहमीच्या विद्युत अपघटनापलीकडे काहीही आढळले नाही. १९९६ मध्ये न्यायालयाने ही उघड फसवणूक ठरवून २५ हजार डॉलर परत करण्याचा आदेश दिला. १९९८ मध्ये मेयर यांचा अचानक मृत्यू झाला आणि विषप्रयोगाची कथा पसरली. शवचिकित्सेत कारण निघाले ते मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराचे. व्हिडीओंमध्ये कथा असते, निकाल नसतो.

पुढेही हेच घडत राहिले. जपानमधील जेनेपॅक्स कंपनीने २००८ मध्ये पाण्यावर चालणारी गाडी दाखवली आणि पुढच्याच वर्षी आपले संकेतस्थळ बंद केले. पाकिस्तानात २०१२ मध्ये एका अभियंत्याच्या ‘वॉटर किट’ला चक्क मंत्र्यांनी टीव्हीवर पाठिंबा दिला होता. भौतिकशास्त्रज्ञ परवेझ हुडभॉय यांनी तेव्हा जाहीरपणे विरोध केला.

गाडीला ‘एचएचओ किट’ लावले तर?

हिशेब सोपा आहे. समजा किट १२ व्होल्टवर १० अँपिअर घेते. म्हणजे १२० वॅट, तासाला ०.१२ युनिट. किट शंभर टक्के कार्यक्षम मानले, तरी तासाभरात इतक्याच ऊर्जेचा वायू मिळेल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे तासाभराची कमाई १३ मिली पेट्रोलएवढी, दोन-अडीच चमचे.

आता खर्च पाहा. ही वीज इंजिनावर फिरणाऱ्या आल्टरनेटरमधून येते. इंजिन पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण पाव भागच कामी लावते. म्हणजे १३ मिलीचा वायू मिळवायला ५० मिलीहून जास्त पेट्रोल जळते. शिवाय बाटलीत जमतो तो हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा मिश्र वायू. एका ठिणगीने त्याचा स्फोट होतो. असले किट बॉनेटखाली बसवताना खिशाआधी जिवाचा विचार करायला हवा.

मग कंपनांचा उपयोग काहीच नाही का?

आहे, पण वेगळ्या कामासाठी. विद्युत अपघटनात इलेक्ट्रोडवर बुडबुडे चिकटून बसतात आणि पाण्याची वाट अडवतात. त्यात वीज वाया जाते. ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सेकंदाला एक कोटी कंपनांच्या ध्वनिलहरी वापरून पाहिल्या. त्यामुळे बुडबुडे झटकले गेले आणि इलेक्ट्रोडजवळच्या पाण्याच्या रेणूंची जुळणी विस्कटली. हायड्रोजन निघण्याचे प्रमाण १४ पट वाढले, अशा बातम्या झाल्या.

इथे आकडा नीट वाचायला हवा. १४ पट वाढला तो वेग, कंपनांशिवायच्या त्याच प्रयोगाच्या तुलनेत. ऊर्जेची निव्वळ बचत २७ टक्के होती. ती चांगलीच आहे, पण १४ पट नव्हे. इथे कंपने रेणू फोडत नाहीत. फोडण्याचे काम वीजच करते, कंपने वाट मोकळी करतात.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातच वोलोंगाँग विद्यापीठाच्या गटाने कोणत्याही कंपनांशिवाय, बुडबुडेच तयार होणार नाहीत अशी रचना केली. त्यांच्या सेलने प्रयोगशाळेत एका किलोसाठी ४०.४ युनिट घेतले. म्हणजे ३९.४ च्या अगदी जवळ. त्या आकड्याखाली मात्र ते गेले नाहीत.

भारतासाठी हे महत्त्वाचे का?

केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन हे त्याचे लक्ष्य आहे. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी ८,५६२ कोटींचे हरित हायड्रोजन धोरण जाहीर केले. या हायड्रोजनच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा विजेचा असतो. ५० लाख टनांवर किलोमागे एक युनिट वाचले, तरी वर्षाला ५०० कोटी युनिट वाचतात. म्हणून इलेक्ट्रोलायझरमधली दोन-चार युनिटांची सुधारणासुद्धा मोठी बातमी असते. चमत्काराचे व्हिडीओ लाखो लोक पाहतात आणि ही बातमी मागे पडते.

व्हिडीओ पाहताना काय विचारावे?

एकच प्रश्न पुरे : भिंतीवरच्या सॉकेटमधून किती युनिट घेतले आणि किती ग्रॅम हायड्रोजन मोजून मिळाला? व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, बुडबुड्यांचा वेग ही त्याची उत्तरे नव्हेत. आकडा किलोमागे ४० ते ५५ युनिटांच्या दरम्यान असेल, तर यंत्राबद्दल बोलता येईल. आकडा ३९ च्या बराच खाली असेल, तर मोजमाप चुकले आहे किंवा कुणीतरी काही लपवत आहे. आणि आकडाच दिलेला नसेल, तर व्हिडीओ फॉरवर्ड करण्याचे आणि किटसाठी पैसे भरण्याचे काहीच कारण नाही.