व्हीलचेअर कोणासाठी?

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर हे लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारे उपनगर. टप्प्याटप्प्याने वाढत गेलेल्या या वसाहतीत पुण्या-मुंबईहून, बेळगाव-हुबळी-धारवाडहून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांपैकी कित्येक घरांतील चित्र सारखेच आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, युरोपात नाहीतर आखाती देशांत. आणि सेवानिवृत्त आई-वडील कधी सुनेच्या बाळंतपणासाठी, कधी नातवंडांच्या ओढीने परदेशवारीस निघालेले. तिकीट मुलाने तिकडूनच काढलेले असते आणि त्यासोबत बहुधा एक सोयही मागविलेली असते. ती म्हणजे व्हीलचेअर.

वास्तविक या माउली रोज सकाळी बागेत चार फेऱ्या मारतात. वडील भाजीच्या दोन पिशव्या घेऊन दोन मजले चढून येतात. मग व्हीलचेअर कशासाठी? उत्तर ठरलेले असते : ‘म्हणजे कोणाला काही विचारावे लागत नाही, ते आपल्याला थेट विमानात नेऊन बसवतात.’ याचा अर्थ स्पष्ट आहे. थकलेले असतात ते पाय नव्हेत. खचलेला असतो तो धीर. इंग्रजी पाट्या, भराभर बोलणारे अधिकारी, मैलभर पसरलेले टर्मिनल आणि ‘विमान चुकले तर?’ हा एक प्रश्न, या साऱ्यांवरचा उपाय म्हणून ही चाकांची खुर्ची मागितली जाते.

हा उपाय निरुपद्रवी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईस आलेल्या एका वृद्ध दांपत्याने दोन व्हीलचेअर आगाऊ मागविल्या होत्या. प्रत्यक्षात एकच मिळाली. ऐंशी वर्षांच्या त्या गृहस्थांनी पत्नीला खुर्चीवर बसविले आणि स्वतः पायी निघाले. इमिग्रेशनच्या कक्षापाशी ते कोसळले व त्यांचे निधन झाले. मागणी फार असल्याने त्यांना थांबण्याची विनंती केली होती, असा खुलासा विमान कंपनीने केला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तिला तीस लाख रुपयांचा दंड केला. कंपनीची जबाबदारी त्या दंडाने अधोरेखित झाली आणि ते योग्यच झाले. परंतु खुर्च्या आणि त्या ढकलणारी माणसे मोजकी असतात. धडधाकट माणूस केवळ वाटाड्या हवा म्हणून एक खुर्ची अडवितो, तेव्हा रांगेत मागे कोणीतरी खरोखरच चालू न शकणारा असतो. हा हिशेब आपणही मांडावयास हवा.

ज्यांचे गुडघे, हृदय किंवा श्वास साथ देत नाहीत त्यांनी निःसंकोच व्हीलचेअर घ्यावी. तो त्यांचा हक्क आहे. इतरांना हवी आहे ती माहिती, आणि ती घरी बसून एका संध्याकाळी देता येते.

तिकीट : सारे काही येथेच ठरते

प्रवास सुखाचा होणार की नाही, हे विमानतळावर नव्हे, तिकीट काढतानाच ठरते. दोन विमानांचा प्रवास असेल तर संपूर्ण प्रवास एकाच पीएनआर क्रमांकावर असावा. असे असता पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात बसवून देणे ही कंपनीची जबाबदारी राहते. स्वस्त पडते म्हणून दोन स्वतंत्र तिकिटे काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही केवळ वेळेवर न आलेले प्रवासी असता आणि तिकिटाचे पैसे बुडतात. शिवाय सामान मधल्या देशात स्वतः उचलून पुन्हा द्यावे लागते. त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि प्रवेशासाठी व्हिसाही लागू शकतो.

सामानाचेही तसेच. अमेरिकेच्या अनेक तिकिटांवर प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर हीच सवलत साधारणतः देशांतर्गत टप्प्यालाही मिळते. बेंगळुरू-मुंबई तिकीट वेगळे काढले तर मात्र देशांतर्गत मर्यादा लागू होते; ती बहुधा १५ किलोची असते. म्हणजे ४६ किलोंपैकी ३१ किलोंचे जादा भाडे काउंटरवर उभ्याउभ्या मोजावे लागणार! तिकिटात वाचलेले चार पैसे येथेच संपतात. बँकेच्या ग्राहकाला हे सांगणे न लगे की, स्वस्त व्यवहारात जोखीम कोणाच्या खात्यावर पडते ते आधी पाहावे.

आणखी एक दक्षता. तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे पतीचे किंवा वडिलांचे नाव मध्ये, कधी आडनाव आधी, कर्नाटकात नुसती आद्याक्षरे, तर लग्नापूर्वीचे नाव एखाद्याच कागदावर उरलेले. हा घोळ घरीच निस्तरावा.

वेळ : वार कधी बदलतो?

आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. विमान कंपनीचा मध्यरात्री बारा वाजता. आंतरराष्ट्रीय विमाने बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारखेची रात्रीची २.४० ही वेळ असेल, तर घरातून निघावयाचे ते १४ तारखेच्या संध्याकाळी. ही गोष्ट कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावी.

बेंगळुरूचा विमानतळ पूर्वी शहरातच, एच.ए.एल.च्या आवारात होता. मे २००८ पासून तो देवनहळ्ळीस गेला. जे. पी. नगर दक्षिणेस आणि देवनहळ्ळी उत्तरेस, म्हणजे अवघे शहर ओलांडून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर जाणे आले. संध्याकाळच्या गर्दीत किंवा पावसात या अंतराचा भरवसा नसतो. आंतरराष्ट्रीय विमानासाठी सुटण्याच्या तीन तास आधी विमानतळावर पोहोचावे आणि तेथवर जाण्यासाठी आणखी अडीच तास हाताशी ठेवावेत. लवकर पोहोचल्याने फार तर कंटाळा येईल. उशिराने विमान जाईल.

कोणत्या टर्मिनलवर जावयाचे हेही पाहून ठेवावे. बेंगळुरूची आंतरराष्ट्रीय विमाने सप्टेंबर २०२३ पासून टर्मिनल दोनवरून सुटतात. देशांतर्गत विमाने मात्र दोन्ही टर्मिनलांत विभागलेली आहेत. मुंबईमार्गे जाणाऱ्यांनी तर विमानतळाचेच नाव नीट वाचावे. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतुकीस खुला झाला आणि तेथे उतरलेले पहिले प्रवासी विमान बेंगळुरूहूनच गेलेले होते. नवी मुंबईस उतरून सहारहून परदेशाचे विमान पकडणे म्हणजे बॅगांसह खाडी ओलांडून महानगराच्या वाहतुकीतून जाणे होय. गोव्यातही दाबोळी व मोपा असे दोन विमानतळ आहेत. तिकिटावरील ‘मुंबई’ किंवा ‘गोवा’ एवढ्या शब्दावर विसंबू नये.

सामान : काय कोठे ठेवावे?

नित्याची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, दागिने, पासपोर्ट आणि एक दिवसाचे कपडे हातातील पिशवीतच असावेत. मोठी बॅग एखाद्या दिवशी उशिरा आली तर चालते. रक्तदाबाची गोळी उशिरा आलेली चालत नाही. औषधे मूळ वेष्टनात असावीत. पॉवर बँक व सुटी लिथियम बॅटरी यांचे स्थानही हातातील पिशवीतच. मोठ्या बॅगेत त्यांना परवानगी नाही.

याउलट लोणचे, तूप, मध यांची जागा मोठ्या बॅगेत. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यानंतर हातातील सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्यांवर निर्बंध आले आणि पुष्कळ विमानतळांवर ते आजही आहेत. अमेरिकेला जाताना मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचे पीठ यांच्याही मोठ्या पुड्या हातात ठेवू नयेत. साडेतीनशे मिलिलिटरपेक्षा जास्त पूड २०१८ पासून तेथे विशेष तपासणीस पात्र ठरते.

काही जिन्नस घरीच ठेवावेत. सुके खोबरे तेलामुळे पेट घेऊ शकते, म्हणून भारतात २०२२ पासून ते मोठ्या बॅगेत नेण्यास मनाई आहे. खसखस आपल्या अनारशांना शोभा आणते. परंतु संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि हापूस आंबे अमेरिकेच्या सीमेवर काढून घेतले जातात. तेथे जे खाद्यपदार्थ नेतो ते अर्जावर किंवा विचारल्यावर सांगावेत. सांगितले तर फार तर वस्तू जाते. लपविले तर दंड होतो.

काउंटरवर बॅग दिल्यानंतर तिच्या टॅगवरील तीन अक्षरे वाचावीत. ती शेवटच्या मुक्कामाची असली पाहिजेत : सॅन फ्रान्सिस्कोस जाणाऱ्या बॅगेवर ‘एसएफओ’, बेंगळुरूस येणाऱ्या बॅगेवर ‘बीएलआर’. वेगळी दिसली तर तेथेच विचारावे. टॅगची पावती पासपोर्टसोबत जपावी. बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वी कंपनीच्या सामान-कक्षात लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. भारत २००९ पासून मॉन्ट्रियल करारात सहभागी आहे. त्यानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग मोडली असल्यास ती मिळाल्यापासून सात दिवसांत, उशिरा मिळाल्यास एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. ही मुदत टळली की हक्कही टळतो.

मधला थांबा : चार प्रश्न

विमान बदलताना चारच प्रश्नांची उत्तरे हवीत : सामान घ्यायचे आहे काय? पुढचे विमान कोणत्या टर्मिनलवरून? गेट कोणते? वेळ किती उरला?

दुबई, दोहा, फ्रँकफर्ट यांसारख्या ठिकाणी एकाच तिकिटावर असाल तर सामान आपोआप पुढे जाते. आपण ‘ट्रान्स्फर’ची पाटी पाहत चालावे. अमेरिकेत मात्र पहिल्याच विमानतळावर सामान्यतः बॅग उचलून, कस्टममधून बाहेर पडून ती पुन्हा द्यावी लागते. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांचे अमेरिकी इमिग्रेशन अबुधाबीतच होते. परतताना मुंबई किंवा दिल्लीमार्गे बेंगळुरूस येणाऱ्यांनाही सहसा पहिल्या भारतीय विमानतळावरच बॅग घ्यावी लागते. ‘बॅग थेट बेंगळुरूस जाईल’ असे समजून पुढे गेलेल्या प्रवाशाची बॅग मागे राहते.

गेट ऐनवेळी बदलू शकते आणि अनेक विमानतळांनी ध्वनिक्षेपकावरील सर्वसाधारण घोषणा बंद केल्या आहेत. म्हणून कानावर नव्हे, फलकावर भिस्त ठेवावी. दर अर्ध्या तासाने तो पाहावा. आधी गेट गाठावे, मग चहा घ्यावा. ज्येष्ठांसाठी मधला थांबा तीन तासांहून कमी नसावा. दोन तिकिटे वेगळी असणे अपरिहार्यच असेल, तर एक रात्र मध्ये ठेवावी.

मुलांनी काय करावे?

विनंती आहे ती तिकीट काढणाऱ्या मुलांना. आई-वडिलांना पार्सलसारखे पाठवू नका. व्हीलचेअरची खूण करावयास एक क्षण पुरतो. त्याऐवजी एक तास द्या. दूरध्वनीवर त्यांच्यासोबत संपूर्ण मार्ग एकदा तोंडी चालून पाहा. एका कागदावर मराठीत व इंग्रजीत ठळक अक्षरांत विमानाचे क्रमांक, सुटण्याच्या वेळा, टर्मिनल, तुमचा पत्ता व फोन लिहून पाठवा. भाषेची अडचण असेल तर त्या कागदाच्या तळाशी ‘मला इंग्रजी येत नाही, कृपया या गेटपर्यंतचा मार्ग दाखवा’ हे वाक्य इंग्रजीत असू द्या. तरीही सोबत हवीच वाटली, तर अनेक विमानतळांवर शुल्क घेऊन मार्गदर्शक देण्याची सोय असते.

बँकेचेही एक काम याच संध्याकाळी उरकावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमांमुळे नवे कार्ड परदेशातील वापरासाठी आपोआप सुरू नसते. ते खातेदाराने स्वतः सुरू करावयाचे असते. शाखेत किंवा मोबाईलवर हे करून घ्यावे. ओटीपी येणारा क्रमांक परदेशात चालू राहील याचीही खात्री करावी.

विमान कंपन्यांनी आणि विमानतळांनीही विचार करावा. रस्ता दाखविणारा माणूस मिळविण्यासाठी प्रवाशाला आजारी असल्याचे भासवावे लागू नये. ‘चालता येते, वाट दाखवा’ अशी साधी मागणी नोंदविण्याची सोय तिकिटातच असावी. तेवढे झाले तरी कित्येक खुर्च्या मोकळ्या होतील.

ज्या पिढीने घरापासून दूरच्या शाखांत बदल्या स्वीकारल्या, रात्रीच्या गाड्या बदलत मुलांना सुट्टीत आजोळी नेले, ट्रंका आणि वळकट्या सांभाळत मिरज जंक्शनवर पुढच्या गाडीची वाट पाहिली, त्या पिढीला विमानतळ अवघड नाही. तेथेही फलकच वाचावयाचा आहे, सामानच मोजावयाचे आहे आणि गाडी वेळेवर पकडावयाची आहे. हे उमगले की पाय आपोआप चालू लागतील, आणि खुर्ची ज्याला हवी आहे त्याच्यासाठी जागेवर असेल.