पावतीवरील भ्रमणध्वनी

अटकेनंतर जामीन न मिळालेल्या व्यक्तीची अंगझडती घेऊन पोलीस तिच्याजवळच्या वस्तू ताब्यात ठेवतात व पावती देतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९ हेच सांगते. अंगावरचे आवश्यक कपडे त्यातून वगळले आहेत. स्त्रीची झडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यायची असते. घड्याळ, पाकीट, किल्ल्या यांना एवढा नियम पुरेसा होता. भ्रमणध्वनी मात्र पावतीवर एकच ओळ व्यापतो आणि आत खासगी पत्रे, छायाचित्रे, बँकेचे व्यवहार बाळगतो. तो ताब्यात घेण्याचा अधिकार म्हणजे तो उघडून वाचण्याचा परवाना नव्हे.

बंगळूरचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२१ मध्ये, बंगळूरमधील एका अमली पदार्थांच्या प्रकरणात, कर्नाटक उच्च न्यायालयाने स्मार्टफोनच्या तपासणीसाठी न्यायालयाचे वॉरंट आवश्यक मानले. तातडीच्या प्रसंगी मात्र कारणे लेखी नोंदवून वॉरंटाविना तपासणीस मुभा दिली. खरी कसोटी इथेच आहे. पोलीस ठाण्यात प्रत्येकच प्रकरण तातडीचे वाटू शकते. म्हणून नोंदवलेली कारणे न्यायालयाने बारकाईने तपासली पाहिजेत.