वळ दिसत नाही म्हणून

मुलाच्या पाठीवर उठलेला वळ पोलिसांना दिसतो, डॉक्टरांना दिसतो, न्यायालयालाही दिसतो. ‘तू जन्मालाच आली नसतीस तर बरं झालं असतं’ हे रोज ऐकणाऱ्या मुलीकडे मात्र दाखवण्यासारखे काहीच नसते. म्हणून भावनिक छळाची कायदेशीर व्याख्याच होऊ शकत नाही, भावना कोणत्या मापाने मोजणार, असे म्हटले जाते. हे म्हणणे मला मुळातच मान्य नाही, कारण आपल्याच देशात अशी व्याख्या झालेली आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात अपमान, टिंगल, पाणउतारा, मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून हिणवणे हा स्त्रीचा ‘शाब्दिक व भावनिक छळ’ ठरवला आहे. त्याआधी 2003 मध्ये गोव्याच्या बालक कायद्याने, मुलाचे माणूस म्हणून असलेले मोल आणि प्रतिष्ठा खालावणारी कृती किंवा उक्ती ही बालछळाच्या व्याख्येत घेतली. या दोन्ही ठिकाणी कायदा मनातले दुःख मोजायला बसत नाही. समोरच्याने काय केले, काय म्हटले, एवढेच तो पाहतो, आणि त्याला साक्षीपुरावा मिळू शकतो.

देशभर लागू असलेल्या 2015 च्या बाल न्याय कायद्यात नेमकी अशा व्याख्येचीच उणीव आहे. त्याचे 75 वे कलम मुलाला ‘अनावश्यक मानसिक किंवा शारीरिक यातना’ होतील अशा वागणुकीसाठी तीन वर्षांपर्यंतची कैद सांगते, पण छळ म्हणजे कोणते वागणे हे सांगत नाही. त्यातला ‘अनावश्यक’ हा शब्द मला सर्वांत जास्त खुपतो. मग आवश्यक मानसिक यातना कोणती? ‘त्याच्या भल्यासाठीच बोललो’ म्हणणारा प्रत्येक पालक याच शब्दाच्या आडोशाला उभा राहतो. वाढीव शिक्षा लागते ती छळामुळे मुलाला मानसिक आजार जडल्यावर, म्हणजे मूल मोडून पडल्यावर. शिक्षण हक्क कायद्याचे 17 वे कलम शाळेत मानसिक छळाला मनाई करते, पण तो छळ म्हणजे काय हे तोही कायदा सांगत नाही, आणि घराचा उंबरठा तर तो ओलांडतच नाही. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत दर दोन मुलांमागे एकाने भावनिक छळ सोसल्याचे सांगितले होते आणि त्यांतल्या 83 टक्के प्रकरणांत छळणारे आईवडीलच होते.

व्याख्या केली तर रागावणारा प्रत्येक बाप आरोपी होईल, ही भीती खोटी नाही, पण तिला उत्तर आहे. 2025 मध्ये गोव्याच्याच कायद्याखालील एका खटल्यात, दप्तराने मारलेला एक साधा फटका म्हणजे बालछळ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. हेतुपुरस्सर किंवा सातत्याने केलेल्या दुर्वर्तनाचा पुरावा त्याला हवा होता. शब्दांच्या बाबतीत हे सातत्य व्याख्येतच लिहावे. एकदा तोंडून गेलेला शब्द वेगळा आणि वर्षानुवर्षे ठरवून केलेली हेटाळणी वेगळी.

याहून वजनदार आक्षेप असा की आईबापांना तुरुंगात घातले तर मूल आणखी उघडे पडते. तो मला पटतो. पण व्याख्येचे पहिले काम शिक्षेचे नाहीच. ज्या घरात मुलाचा छळ होतो त्या घरातले मूल काळजी व संरक्षणाला पात्र आहे, असे बाल न्याय कायदाच म्हणतो. तो छळ ओळखायचा कसा, हे बालकल्याण समितीला आणि 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर आलेला फोन घेणाऱ्याला आधी कळले पाहिजे. शिक्षेशिवाय नुसते ओळखणेही किती कामाचे, याचे एक उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना झालेल्या मुलींची नावे ‘नकुशी’ ठेवली जात. हाक मारली की प्रत्येक वेळी ती नको होती हे तिला ऐकावे लागे. 2011 मध्ये जिल्हा प्रशासनाने अशा 280हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली. आईबापांनी दुष्टाव्याने ते नाव ठेवले होते का, हे ठरवत बसण्याची गरज पडली नाही. त्या नावाने मुलीचे काय होते, एवढे ओळखणे पुरले.